सोपाऱ्याचा बाजारहाट

आम्हा चांदीप गावच्या लोकांचा रोजचा बाजार विरारला; पण सुकी मासळी आणि सुकेळी घ्यायची तर मी सोपारा-आगाशीकडेच वळते. तिथली देवघेव फार जुनी. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी वाटाड्यातही सोपाऱ्याचं नाव आहे. १८८२ साली पुरातत्त्व संशोधक भगवानलाल इंद्रजींनी इथलं ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखलं जाणारं टेकाड खणलं, तर आत विटांचा स्तूप. त्यात दगडी पेटी, आणि पेटीत एकात एक करंड: तांब्याचा, चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा, सोन्याचा. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही त्याच वर्षी इथे सापडला.

पुढे खाडी गाळाने भरत गेली, बंदर बसलं. १८६४ साली रेल्वे आली आणि वसईची केळी, पानं, भाजी मुंबईच्या वाटेला लागली. सुकेळी त्याच बागांतली. पिकलेली राजेळी केळी सोलून कडक उन्हात वाळवायची, तांबूस, चिकट झाली की केळीच्याच सुक्या पानात घट्ट बांधायची. बागांच्या जागी इमारती उठल्या, तशी सुकेळी महागली. भाव ऐकून सूनबाई कुरकुरते. मी म्हणते, घासाघीस मासळीवर कर. उन्हात राबणाऱ्या बाईशी नको.