वार्धक्यातील विषमतेच्या अभ्यासक : जॅक्लिन जॅक्सन

वय सर्वांचेच वाढते. मात्र म्हातारपण सर्वांच्या वाट्याला सारखे येत नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय वृद्धांच्या संदर्भात हे वास्तव अभ्यासपूर्वक मांडणाऱ्या पहिल्या पिढीतील समाजशास्त्रज्ञांमध्ये जॅक्लिन जॉन्सन जॅक्सन यांचे नाव अग्रभागी आहे.

नॉर्थ कॅरोलिना राज्यातील विन्स्टन-सेलम येथे १९३२ मध्ये त्यांचा जन्म झाला. बालपण अलाबामातील टस्कीगी येथे गेले. विस्कॉन्सिन विद्यापीठातील शिक्षणानंतर १९६० मध्ये त्यांनी ओहायो स्टेट विद्यापीठातून समाजशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. या विद्यापीठाची ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला होत. अलाबामातील नागरी हक्क संघटनांची उद्दिष्टे व कार्यपद्धती हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता.

१९६६ मध्ये ड्यूक विद्यापीठातील वार्धक्य अभ्यास केंद्रात त्या दाखल झाल्या आणि त्यांच्या कार्याला निश्चित दिशा मिळाली. पुढे तेथील वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. वार्धक्यशास्त्रातील संशोधन प्रामुख्याने श्वेतवर्णीयांवर आधारलेले असून कृष्णवर्णीय वृद्धांविषयीची माहिती तुटपुंजी आहे, याकडे त्यांनी १९७१ मधील लेखातून लक्ष वेधले.

त्यांची सर्वाधिक चर्चिली गेलेली मागणी निवृत्तिवेतनासंबंधी होती. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा योजनेत पूर्ण निवृत्तिवेतनासाठी तेव्हा ६५ वर्षे ही वयोमर्यादा होती. १९७० मध्ये जन्माच्या वेळचे सरासरी आयुर्मान श्वेतवर्णीय पुरुषांचे ६८, तर कृष्णवर्णीय पुरुषांचे अवघे ६० वर्षे होते. आयुष्यभर वेतनातून वर्गणी भरूनही अनेकांना लाभ घेण्यापूर्वीच मृत्यू गाठत असे. वरवर समान भासणारा नियम असा विषम ठरतो. म्हणून कृष्णवर्णीयांसाठी ही वयोमर्यादा कमी करावी, असे जॅक्सन यांचे प्रतिपादन होते. ते स्वीकारले गेले नाही. उलट १९८३ च्या दुरुस्तीने ही मर्यादा सर्वांसाठीच टप्प्याटप्प्याने ६७ पर्यंत वाढवली.

वृद्धत्व आणि वर्ण यांच्या जोडीला दारिद्र्य व स्त्रीत्व आले की संकट चौपट होते, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. अल्पसंख्याकांच्या वार्धक्यावरील त्यांचा ग्रंथ १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. याच विषयाला वाहिलेल्या नियतकालिकाचे संपादनही त्यांनी केले.

२००४ मध्ये त्यांचे निधन झाले. निवृत्तीचे वय वाढवण्याचा प्रस्ताव येतो तेव्हा, त्या वयापर्यंत जगण्याची संधी कोणाला किती, हा त्यांचा प्रश्न पुन्हा समोर उभा राहतो.