पोकळीत टिकलेला थेंब

मुंबई-आग्रा रस्त्यावर धुळ्याच्या उत्तरेला सोनगीर लागतं. तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. हंड्याला सुईएवढं भोक पडलं की तो तांबटाकडे न्यायचा आणि झाळून आणायचा. भोक आहे म्हणजे पाणी गळणारच, यात कुणाला शंका नसते. पण भोक फारच बारीक असेल तर पाणी गळत नाही, पृष्ठताण त्याला धरून ठेवतो. मास स्पेक्ट्रोमीटरने, म्हणजे आयन (विद्युतभारित कण) वस्तुमानानुसार वेगळे करणाऱ्या यंत्राने, ओल्या, जिवंत जीवाणूंचं रासायनिक चित्र काढता आलं ते याच गुणामुळे.

हे यंत्र मुळात पोकळीतलं. १९१३ साली केंब्रिजमध्ये जे. जे. थॉमसन यांनी निऑनचे आयन विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रातून वाकवले, तेव्हा फोटोच्या काचेवर एकाऐवजी दोन वक्ररेषा उमटल्या, २० आणि २२ वस्तुमानाच्या. १९१९ मध्ये त्यांचे सहकारी ॲस्टन यांनी त्यातून काटेकोर मोजणारं यंत्र घडवलं, आणि १९२२चं नोबेल मिळवलं. सोनगीरचं तांबं त्यात घातलं तर तेही दुहेरी निघेल: सुमारे ६९ टक्के ६३ वस्तुमानाचं, बाकीचं ६५चं. पिढ्यान् पिढ्या ठोकूनही हातोडीला हे कळलेलं नाही.

वाटेत हवेचा रेणू आडवा आला की आयन भरकटतो, म्हणून आत निर्वात हवं. तांबं, युरेनियम यांना त्याचं काही वाटत नाही. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात अशी यंत्रं घडली, ती मुख्यतः अणुइंधनाच्या कामासाठी. चित्र काढण्याची युक्तीही घन पदार्थांवरच रुजली. १९६२च्या सुमारास फ्रान्समध्ये कास्तँ आणि स्लॉजियाँ यांनी आयनांचा झोत पृष्ठभागावर मारून, उडालेल्या आयनांवरून कुठे कोणतं मूलद्रव्य आहे याचा नकाशा काढला. पेशींचं मात्र अवघड. पाणी पोकळीत खोलीच्या तापमानालाच उकळतं, म्हणून नमुना वाळवायचा किंवा गोठवायचा. थोडक्यात, जिवंतपणाचा अभ्यास मढ्यावर.

एक शाखा पोकळीबाहेरून गेली. पर्ड्यू विद्यापीठात ग्रॅहम कुक्स यांच्या गटाने २००४ मध्ये विद्युतभारित तुषार नमुन्यावर उघड्या हवेत मारले आणि उडालेले थेंब यंत्रात ओढून घेतले. पद्धत सुटसुटीत, पण चित्र जाडंभरडं. एकेका जीवाणूचा ठाव त्यात लागत नाही.

दुसरी शाखा मला जास्त हट्टी वाटते. तिने पाणीच पोकळीत नेलं. अमेरिकेच्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेत शाओ-यिंग यू आणि सहकाऱ्यांनी २०११च्या सुमारास रबरासारख्या सिलिकोनमध्ये केसासारखी बारीक वाहिनी तयार केली. तिच्यावर सिलिकॉन नायट्राइडचा पडदा, जाडी फक्त १०० नॅनोमीटर. यंत्रात ठेवल्यावर आयनांच्या झोतानेच त्या पडद्याला दोन मायक्रोमीटरचं भोक पाडायचं. आत द्रव वाहत राहतो, भोकाच्या तोंडाशी पाणी अडतं, आणि जी थोडी वाफ निसटते ती पंप सहज ओढून घेतात. झोत थेट ओल्या पृष्ठभागावर पडतो. ज्याने भोक पाडलं त्यानेच आत बघायचं, हे मला यातलं सर्वांत डोकेबाज वाटतं.

२०१४ मध्ये या वाहिनीत शेवानेला जीवाणूंचा थर वाढवून त्याचं ओलं असतानाच मापन प्रसिद्ध झालं. निवड मासलेवाईक आहे: शेवानेला ऑक्सिजन नसेल तेव्हा लोह-मँगनीजच्या ऑक्साइडांना इलेक्ट्रॉन देऊन श्वसन भागवतो. तांब्याच्या भांड्यात बहुतेक जीवाणू मरतात. हा मात्र धातूंवर जगतो. त्या मापनात मेदाम्लांचे तुकडे आणि भोवतीच्या पाण्याचे पुंजके एकत्र दिसले. वाळवलेल्या थरात पाण्याची ही खूण पुसली गेलेली असते.

तरी ‘जिवंत’ हा शब्द जपूनच वापरावा. झोत ज्या रेणूंवर पडतो त्यांचा भुगा होतो. जगतो तो बाजूचा थर. शिवाय शेवानेला स्वतःच दोन-तीन मायक्रोमीटर लांब असतो. म्हणजे दोन मायक्रोमीटरच्या खिडकीतून एका वेळी धड एक जीवाणूही पुरा दिसत नाही.