नगरची सगळ्यात मोठी बॅटरी

हल्ली ऑनलाइन दुकानात नुसतं ‘टॉर्च’ म्हणून शोधलं तरी निम्म्या टॉर्च ‘टॅक्टिकल’ निघतात. काळा ॲल्युमिनियमचा देह, पुढे दातेरी कडा, बटण मागच्या टोकाला, आणि खोक्यावर पाच आकडी लुमेन. टॅक्टिकल म्हणजे नक्की काय, हे मात्र खोक्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. गेले दोन-तीन वीकएंड मी अशीच एक टॉर्च निवडायच्या खटपटीत आहे (कोणासाठी, ते पुढे येईलच). आणि या शब्दाचा खरा अर्थ शोधताना असं लक्षात आलं की त्याचं उत्तर आमच्या सावेडीपासून रिक्षाच्या अंतरावर उभं आहे. पंचवीस-तीस टनांचं.

तर मंडळी, आजचा विषय विजेरी. म्हणजे आपल्या बोलीत बॅटरी.

लढाईत उजेडाचा डावपेच म्हणून वापर करणं हे काही आपल्याला नवीन नाही. ‘कात्रजचा घाट दाखवणे’ हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो. एप्रिल १६६३ मध्ये महाराजांनी लाल महालात शाइस्तेखानावर छापा घातला, आणि परतताना बैलांच्या शिंगांना पलिते बांधून त्यांना कात्रजच्या घाटाकडे पिटाळलं, मोगल त्या उजेडामागे धावले आणि महाराज सिंहगडाकडे निघून गेले, अशी ती गोष्ट. इतिहासापेक्षा आख्यायिकाच म्हणा हवं तर. पण तिच्यातला विचार बघा. त्या पलित्यांचा उपयोग मराठ्यांना रस्ता दिसावा म्हणून नव्हताच! उजेड शत्रूला दिसावा म्हणून होता. ‘टॅक्टिकल’ची याहून चांगली व्याख्या मला तरी सापडलेली नाही. नुसता जास्त उजेड म्हणजे टॅक्टिकल नव्हे. कोणाला काय दिसावं आणि काय दिसू नये हे ज्याच्या हातात, तो टॅक्टिकल.

आता हातातल्या बॅटरीकडे येऊ. डेव्हिड मिझेल नावाच्या संशोधकाला १८९९ च्या जानेवारीत अमेरिकेत हिचं पेटंट मिळालं. कागदाची नळी, आत एकामागे एक सेल, पुढे दिवा आणि परावर्तक. सव्वाशे वर्षांत आकारात फारसा बदल नाही! पेटंट ज्या कंपनीकडे गेलं ती कॉनराड ह्यूबर्टची, आणि तिचंच पुढे ‘एव्हरेडी’ झालं. अमेरिकेत या वस्तूला फ्लॅशलाइट का म्हणतात? कारण सुरुवातीचे सेल इतके दुबळे आणि कार्बनच्या तारेचे दिवे इतके खादाड, की बटण दाबून धरलं तर क्षणभर उजेड पडायचा आणि मग दम संपायचा. नुसता फ्लॅश. ही गोष्ट लक्षात ठेवा, नंतर कामाला येणार आहे.

आता त्या पंचवीस-तीस टनांच्या बॅटरीकडे. नगरला (अहिल्यानगर हे नाव २०२४ मध्ये अधिकृत झालं, पण तोंडात अजून नगरच येतं) फराह बागेजवळ लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे, १९९४ मध्ये सुरू झालेलं. नगरच्या प्रत्येक शाळेची सहल तिथे एकदा तरी गेलेलीच असते. पोरं पॅटनकडे धावतात, १९६५ च्या युद्धातल्या गोष्टी ऐकतात, तोफेच्या नळीखाली फोटो काढतात. तिथेच एक जुना एम-३ ग्रँट रणगाडा आहे आणि त्याच्यापाशी कोणी फार थांबत नाही. त्याच्या टरेटात तोफ बसवायची सोडून दिवा बसवलेला होता. या यंत्राचं इंग्रजी नाव ‘कॅनाल डिफेन्स लाइट’, थोडक्यात सीडीएल. दुसऱ्या महायुद्धातल्या सगळ्यात जपलेल्या गुपितांपैकी एक. अशी फार थोडी वाहनं आज जगात उरली आहेत, आणि त्यातलं एक आपल्या गावात.

कल्पना पहिल्या महायुद्धातली. रात्री लढाई थांबते, कारण कोणालाच काही दिसत नाही. मग आपल्याला दिसेल आणि शत्रूला दिसणार नाही असं काही करता आलं तर? ऑस्कर द थोरेन नावाच्या नौदल अधिकाऱ्याने चिलखती वाहनावर प्रखर दिवा बसवायचं सुचवलं. पुढे मार्सेल मिट्झाकिस याने त्याची रचना केली, ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरने पैसा पुरवला, आणि रणगाडा-युद्धाचे गाजलेले विचारवंत जनरल फुलर यांनी पाठिंबा दिला. ब्रिटिश युद्ध खात्यासमोर १९३७ मध्ये प्रात्यक्षिकं झाली आणि १९४० मध्ये तीनशे टरेटांची ऑर्डर निघाली. आधी ती मटिल्डा रणगाड्यावर बसवली, नंतर ग्रँटवर. ग्रँट का, तर त्याची मोठी ७५ मिलिमीटरची तोफ टरेटात नसून खाली धडात असते. म्हणजे वर दिवा बसवूनही तोफ शाबूत राहते. वरून दिव्याचा टरेट ओळखू येऊ नये म्हणून त्याला एक खोटी तोफही लावली होती!

आतली रचना इंजिनियर माणसाने बघण्यासारखी आहे. उजेडाचा उगम कार्बन आर्क, म्हणजे जुन्या थिएटरात प्रोजेक्टरमध्ये जळायच्या त्याच कार्बनच्या कांड्या. वीज इंजिनावर चालणाऱ्या जनरेटरची. टरेटात एकच माणूस, आणि कांडी झिजली की ॲस्बेस्टॉसचे हातमोजे घालून ती बदलायची. पण काच उघडी ठेवून सर्चलाइट लढाईत नेला तर पहिल्या गोळीत फुटणार. म्हणून आरशांनी सगळा उजेड एका उभ्या फटीत एकवटला. ही फट साधारण दोन इंच रुंद आणि दोन फूट उंच. बाकी सगळं चिलखत. फटीतून बाहेर पडल्यावर झोत पंख्यासारखा आडवा पसरायचा, १९ अंश रुंद पण उंचीला दोन अंशसुद्धा नाही. हजार यार्डांवर त्याचा पट्टा ३४० यार्ड रुंद आणि ३४ यार्ड उंच. शत्रूचं सगळं ठाणं उजेडात, आणि आकाशाकडे उजेड वाया नाही.

त्याहून भारी म्हणजे झडप. फटीपुढे एक झडप भराभर उघडझाप करायची, त्यामुळे समोरच्याच्या डोळ्याला ना उजेडाची सवय होणार ना अंधाराची. झोत नेमका कुठून येतोय आणि किती लांबून, तेही त्याला कळायचं नाही. निळे आणि पिवळसर फिल्टरही होते. निळ्या उजेडात रणगाडा आहे त्याहून लांब असल्यासारखा वाटायचा. आजच्या टॅक्टिकल टॉर्चमध्ये जो ‘स्ट्रोब’ मोड असतो ना, त्याचा हा खापरपणजोबा.

आता थोडं गणित, कारण खोक्यावरचे आकडे वाचायचे तर हे लागणार. लुमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड. कँडेला म्हणजे एका दिशेला तो किती जोराने जातो ते. मोटारीचं पाणी डोळ्यांपुढे आणा. पाणी तेवढंच असतं, पण नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते. लुमेन हे पाणी, कँडेला ही धार. टॉर्चसाठी २००९ पासून एक अमेरिकन मानक आहे. त्यात ‘बीम डिस्टन्स’ म्हणजे जिथे उजेड पाव लक्स उरतो ते अंतर. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेचं चांदणं. सूत्र सोपं: कँडेलाचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. १०,००० कँडेलाची टॉर्च २०० मीटर, एक लाख कँडेलाची सुमारे ६३० मीटर. म्हणजे ताकद दहापट केली तरी अंतर तिपटीहून जेमतेम जास्त. आणि ‘२०० मीटर’ म्हणजे तिथे चांदण्याइतकं दिसेल. कोणीतरी उभं आहे हे कळेल, कोण ते कळणार नाही.

हेच सूत्र आपल्या नगरच्या बॅटरीला लावू. सीडीएलची ताकद सुमारे १ कोटी २८ लाख कँडलपॉवर सांगतात (कँडेला जवळपास तेवढेच). वर्गमूळ ३,५७८. दुप्पट केली की सात किलोमीटरच्या वर! आणि हजार यार्डांवर उजेड सुमारे १५ लक्स, म्हणजे रस्त्यावरच्या बऱ्यापैकी दिव्याखाली असतो तेवढा. अर्ध्या कोसावरच्या शत्रूच्या डोक्यावर अचानक रस्त्यावरचे दिवे लागलेत आणि तुम्ही मात्र त्याच्या लेखी अंधारात, असं चित्र.

एवढं सगळं झाल्यावर या दिव्याने युद्ध जिंकायला हवं होतं. पण झालं उलटंच. गुपित फुटू नये म्हणून ब्रिटिशांनी नावच फसवं ठेवलं, ‘कालवा संरक्षण दिवा’. अमेरिकनांनी स्वतःची आवृत्ती केली आणि तिला ‘लीफलेट’ म्हणाले. इंग्लंडच्या उत्तरेला लोदर कॅसलच्या आवारात सैनिकांनी रात्र-रात्र सराव केला. गुपित इतकं उत्तम राखलं गेलं, की आघाडीवरच्या बहुतेक सेनापतींना हे हत्यार आपल्याकडे आहे हेही धड माहीत नव्हतं, मग ते लढाईच्या आराखड्यात बसवणार कोण? नॉर्मंडीच्या लढाईत हे दिवे कामाला आलेच नाहीत. मार्च १९४५ मध्ये ऱ्हाईन नदीवर, रेमागेनच्या पुलापाशी अमेरिकनांनी ते लावले. काम काय, तर रात्री पाण्यातून सुरुंग घेऊन येणारे जर्मन पाणबुडे हुडकायचे. म्हणजे फसवण्यासाठी ठेवलेलं ‘कालवा संरक्षण’ हे नाव शेवटी खरं ठरलं :)

आपल्याकडे हे दिवे जपानविरुद्धच्या मोहिमेसाठी आले. मलायावर चढाई व्हायची होती, पण तोवर जपानने शरणागती पत्करली. मग ते वापरले गेले ते १९४६ मध्ये, कलकत्त्यातल्या दंगलींत, रात्रीच्या रस्त्यांवर. रणांगणासाठी जन्मलेलं हत्यार शहरातल्या माणसांच्या डोळ्यांवर चाललं. युद्धानंतर फुलर यांनी हा दिवा न वापरणं ही दोस्तांची फार मोठी चूक होती असं मांडलं. ते स्वतः त्याचे पुरस्कर्ते होते, तेव्हा चार आणे वजा करून घ्या. पण मुद्दा पटतो. ज्याला वापरायचंय त्याला विचारलंच नाही, तर स्पेसिफिकेशन कितीही चकचकीत असो, वस्तू गोदामात पडून राहते. सॉफ्टवेअरवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि इथेच माझी टॉर्च येते. ती माझ्या मामासाठी हवी आहे. मामाचा ऊस राहुरी तालुक्यात. मोटारीची वीज आठवड्यातून काही दिवस रात्रीच येते, म्हणजे मध्यरात्री उठून दारं धरायला जायचं. आणि आमच्या जिल्ह्यातल्या उसात बिबट्या राहतो. ही पारावरची अफवा नाही. अकोले भागातल्या शेतांत विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जंगल नाही, दाट माणूसवस्ती, आणि तरीही तिथे बिबटे नांदताना त्यांना दिसले. मी मामाला ‘६०० मीटर’वाली टॅक्टिकल टॉर्च दाखवली. स्ट्रोबही दाखवला. मामा म्हणाला, “आरं भाच्या, मला काय चोर धरायचेत का? मला दारं धरायचीत.”

झालं! एका वाक्यात रिक्वायरमेंट स्पष्ट. मामाला ६०० मीटरवरचं काही बघायचंच नाही. उसात दहा मीटरपुढे दिसतंय काय? पायाखालचा पाट, बांधावरचा साप, आणि दोन्ही बाजूंच्या पानांतली हालचाल दिसायला हवी. अणकुचीदार झोत जवळच्या पानांवर आपटून आपलेच डोळे दिपवतो आणि बाजूचा अंधार अजून गडद करतो. डोळ्याला अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि एक झगझगीत झोत ती क्षणात घालवतो. सीडीएलने जे शत्रूचं करायचं ते मामाचं होणार, आणि तेही मामाच्याच हाताने.

म्हणून मी तपासणी उलट्या बाजूने लावली. पहिलं, खोक्यावरचे लुमेन किती वेळ टिकतात? मानकाप्रमाणे ते चालू केल्यापासून अर्ध्या मिनिटाने ते दोन मिनिटांच्या आत मोजतात. ‘टर्बो’ मोडमध्ये एलईडी इतका तापतो की टॉर्च स्वतःच उजेड कमी करते. १८९९ ची टॉर्च सेलचा दम संपला म्हणून थांबायची, आजची उष्णतेमुळे थांबते. मोठ्या आकड्याचं आयुष्य दोन्हीकडे जरासंच! दुसरं, ‘३० तास चालते’ म्हणजे उजेड दहा टक्क्यांवर येईपर्यंत, तेव्हा मधल्या मोडचे तास बघायचे. तिसरं, झोत खरा किती ते गच्चीवर मोजता येतं. समजा ५ मीटरवर लक्समीटरने ४०० दाखवले, तर ४०० गुणिले २५ म्हणजे १०,००० कँडेला. चौथं आणि मामासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बटण. ओल्या, चिखलाच्या हाताने एकदा दाबलं की मध्यम उजेड लागला पाहिजे. तीनदा दाबून मोड शोधताना मध्येच स्ट्रोब लागला, तर उपयोग शून्य.

या कसोटीवर टॅक्टिकल म्हणवणाऱ्या बहुतेक टॉर्च गळाल्या. शेवटी निवडली ती रुंद झोताची, दोनच मोडची, पाण्यात पडली तरी चालणारी, आणि जिचा सेल तालुक्याच्या बाजारात मिळतो अशी. किंमतही निम्मी. आणि रात्री एकट्याने जायचं नाही, मोबाइलवर गाणी मोठ्याने लावायची, हे मामा टॉर्च नव्हती तेव्हापासून करतोच. त्याला पर्याय कुठल्याच खोक्यात नाही.

असो. नगरला आलात तर संग्रहालयात जाच. पॅटन झाले की त्या ग्रँटपाशी पाच मिनिटं थांबा. वरच्या तोफेकडे बघू नका, मूळ रचनेत ती खोटीच होती. टरेटावरची ती उभी अरुंद फट शोधा. तेवढ्याशा जागेतून सात किलोमीटरचं चांदणं बाहेर पडायचं.