तळणीची दोन मिनिटं

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, मृगातल्या तेजोमेघाचा फोटो काढायचाय. दुर्बीण केवढी घेऊ? एक्स्पोजर किती देऊ?" वणीतल्या गच्चीवर माझे हे उद्योग चालतात, हे आता सगळ्या नातेवाईकांना ठाऊक झालंय. उत्तर देण्याऐवजी मी त्याला तळणीची गोष्ट सांगितली.

तळणी म्हणजे धामणगाव आणि पुलगावच्या मधलं छोटंसं रेल्वे स्टेशन. आपल्या वणीपासून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकणातून शिरून वऱ्हाडावरून गेला. ते टिपायला ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची मंडळी तळणीला उतरली होती. त्यांत अ‍ॅनी माँडर होती. ग्रिनिचच्या वेधशाळेत ती कामाला होती, पण 1895 मध्ये लग्न झालं आणि तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे नोकरी सोडावी लागली. हाताशी वेधशाळा नाही. होता तो स्वतःचा छोटा कॅमेरा.

त्याचं भिंग फक्त दीड इंचाचं, नाभीय अंतर 9 इंच. मुळात आकाशगंगेचे फोटो काढण्यासाठी घेतलेलं. मग एवढ्याशा भिंगाने काय होणार?

इथेच गंमत आहे. लांब नळीची दुर्बीण प्रतिमा मोठी करते, पण प्रकाशही तितकाच पसरवते. तेजोमेघ किंवा सूर्याचा प्रभामंडल अशा पसरट, अंधुक गोष्टींसाठी नाभीय अंतराला व्यासाने भागून येणारा आकडा महत्त्वाचा. 9 भागिले दीड म्हणजे 6. तो जितका लहान, तितकी प्लेट लवकर भरते. दुसरा पेच एक्स्पोजरचा. जास्त वेळ दिला तर सूर्याजवळचा भाग जळतो, कमी दिला तर बाहेरचा उमटतच नाही. आणि खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची!

अ‍ॅनीने बाहेरचा अंधुक भाग निवडला. तिच्या प्लेटवर सूर्यापासून जवळजवळ 1 कोटी किलोमीटर लांब गेलेला किरण उमटला. तोवर एवढा लांब किरण कुणाच्याच फोटोत आला नव्हता. तरी रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचं सदस्यत्व तिला मिळालं ते 1916 मध्ये, बायकांना दार उघडल्यावर.

आपलं नशीब बरं. तिला प्लेटा एकमेकींत मिळवता येत नव्हत्या, आपण संगणकावर मिळवतो. म्हणून भाच्याला म्हटलं, "दुर्बीण राहू दे. तुझ्या कॅमेऱ्याला 50 मिलिमीटरचं भिंग लाव. ट्रायपॉडवर 5-5 सेकंदांचे शंभरेक फोटो घे, म्हणजे तारे लांबट होणार नाहीत. मग ते एकावर एक रच." वणीत खाणींच्या दिव्यांनी आभाळ उजळलेलं असतं. इथे एकच लांब एक्स्पोजर दिलं की फोटो नुसता पांढुरका होतो, तेव्हा ही युक्ती जास्तच लागू.

"आणि दुर्बीण?" तो म्हणाला.

म्हटलं, आधी काय टिपायचंय ते ठरव. मग बघू.

पुढच्या वेळी नागपूरच्या गाडीत बसलात, तर तळणी गेली का ते बघा. गाडी बहुधा थांबणार नाही... पण बघा.