बायोडिझेल मिश्रण : जुन्या अवजड डिझेल इंजिनांतील वापर

वनस्पती तेल, प्राणिज चरबी किंवा तळणीचे वापरलेले तेल यांपासून केलेले बायोडिझेल खनिज डिझेलात ठरावीक प्रमाणात मिसळले की बायोडिझेल मिश्रण तयार होते. मिश्रणाचे नाव टक्केवारीवरून पडते : बी-५ मध्ये ५ टक्के, बी-२० मध्ये २० टक्के, बी-१०० म्हणजे निर्भेळ बायोडिझेल.

कच्चे वनस्पती तेल म्हणजे बायोडिझेल नव्हे. ही गल्लत पुष्कळ इंजिनांच्या मुळावर आली आहे. कच्चे तेल डिझेलच्या सुमारे दहापट दाट असते. नोझलमधून त्याचा बारीक फवारा होत नाही, जळण अपुरे राहते, कार्बन साचून पिस्टनच्या रिंगा चिकटतात. ही दाटी घालवण्यासाठी १०० किलो तेलावर सुमारे १०-११ किलो मिथेनॉलची, सोडियम किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या साहाय्याने, प्रक्रिया करतात. त्यातून जवळजवळ १०० किलो बायोडिझेल आणि १० किलोच्या आसपास ग्लिसरीन मिळते.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ओटो कंपनीने एक लहान डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवले होते. तेलाचे एस्टर करून ते इंधन म्हणून वापरण्याचे बेल्जियन पेटंट १९३७ चे. भारतात ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली–अमृतसर शताब्दी एक्सप्रेस ५ टक्के मिश्रणावर धावली. पुढे बायोडिझेलसाठी मोगली एरंडाच्या लागवडीचा गाजावाजा झाला. २००९ च्या धोरणाने २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे लक्ष्य ठेवले, पण पडीक जमिनीवरच्या झाडांनी अपेक्षेइतके बी दिलेच नाही. २०१८ च्या धोरणात लक्ष्य २०३० पर्यंत ५ टक्के असे खाली आले.

जुने इंजिन या इंधनाला नव्यापेक्षा अधिक सोसते, हे पुष्कळांना उलटे वाटेल. टाटा ६९७ किंवा लेलँडची हिनो घराण्यातली इंजिने यांत्रिक इनलाइन पंपावर चालतात आणि इंधन थोडे दाट झाले तरी तक्रार करीत नाहीत. नव्या वाहनांत काजळीचा फिल्टर साफ करण्यासाठी काही वेळा उशिरा इंधन सोडले जाते. त्यातले सहज न उडणारे बायोडिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळते. जुन्या गाडीत तो फिल्टरच नसतो. शिवाय एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलात गंधक १० पीपीएमवर आले आहे. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचे नैसर्गिक वंगणही कमी होते, आणि १-२ टक्के बायोडिझेल ते भरून काढते. बी-२० वर ताकद एक-दोन टक्के घटते, म्हणजे चालकाला घाटातही क्वचितच जाणवते. धूर कमी होतो, नायट्रोजनची ऑक्साइडे मात्र किंचित वाढू शकतात.

खरी अडचण इंजिनाच्या आजूबाजूला असते. बायोडिझेल चांगले द्रावक आहे. वर्षानुवर्षे टाकीच्या तळाशी बसलेला गाळ ते सोडवते, आणि पहिल्या काही टाक्यांतच फिल्टर तुंबतो. त्याचा दोष उगाच इंधनाला दिला जातो. साध्या व नायट्राइल रबराचे जुने पाइप आणि ओरिंगा फुगतात, झिरपतात. त्या जागी फ्लुओरो-रबराच्या (व्हायटॉन) बसवाव्या लागतात. तांबे, पितळ आणि जस्त यांच्या सान्निध्यात इंधन लवकर बिघडते.

रायगड किनारपट्टीत यात पाण्याची भर पडते. जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तळा तालुक्यासारख्या, एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला मांदाडची खाडी असलेल्या भागात पावसाळाभर हवा ओलीच असते. बायोडिझेल डिझेलपेक्षा कितीतरी अधिक पाणी धरून ठेवते. इंधन आणि पाणी यांच्या सीमेवर जिवाणू-बुरशी वाढून चिकट थर बसतो, टाकी आतून गंजते. म्हणून पावसाळ्यात उभ्या राहणाऱ्या डंपरची किंवा शाकारलेल्या मच्छीमार बोटीची टाकी मिश्रणाने भरून ठेवणे चुकीचे. जून उजाडण्याआधी ते संपवून साधे डिझेल भरावे आणि सेपरेटरमधले पाणी नेमाने सोडावे. थंडीत इंधन गोठण्याची जी चिंता उत्तरेकडे असते, ती कोकणात फारशी नाही.

कोकण किनाऱ्यावर उंडीचे झाड मूळचेच आहे. त्याच्या बियांच्या गरात निम्म्याहून अधिक तेल असते आणि पूर्वी ते दिव्यासाठी वापरत. या तेलात मुक्त आम्ले जास्त असल्याने बायोडिझेल करण्याआधी त्याची आम्ल-प्रक्रिया करावी लागते. करंजाच्या तेलातही आम्ले वाढली की हीच पायरी येते. दोन्ही झाडांचे बी विखुरलेले मिळते, म्हणून गोळा करण्याचा खर्चच व्यवहार बिघडवतो.

बी-१०० साठी आयएस १५६०७ आणि २० टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणासाठी आयएस १६५३१ ही भारतीय मानके आहेत. पंपावरच्या नेहमीच्या डिझेलात ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल चालते. विक्रीचे केंद्रीय नियम २०१९ मध्ये आले. तरीही गुजरात-महाराष्ट्रात महामार्गालगत ‘बायोडिझेल’ या नावाने औद्योगिक तेले विकली गेली आणि त्यांवर छापे पडले. अशा तेलाने पंप गेला, तर बायोडिझेल नाहक बदनाम होते. जुन्या ट्रकच्या मालकाने बी-२० च्या पुढे जाऊ नये, आणि पावती व तपासणी-अहवाल नसलेले इंधन कितीही स्वस्त मिळाले तरी टाकीत ओतू नये.