स्तन्यनिष्कासन, हस्तकृत

अर्भक दूध ओढून घेण्यास असमर्थ असता, किंवा माता व बालक यांची ताटातूट झाली असता, बाळंतिणीने अंगावरचे दूध बोटांनी दाबून स्वच्छ पात्रात काढण्याची क्रिया. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, पहिल्या स्तनपानापूर्वी स्तन धुऊन थोडे दूध वाहू द्यावे, अन्यथा तुंबलेल्या दुधाने बालकास कास, श्वास व वमन यांचा उपद्रव होतो, असे सांगितले आहे. पुढे महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात, व मराठवाडा त्यास अपवाद नव्हे, पहिल्या दिवसांचा पिवळसर चीकच पिळून टाकण्याचा प्रघात पडला, आणि रोगप्रतिकारक द्रव्यांनी संपन्न असा तो अंश मातीस मिळू लागला. काढलेले दूध टाकावयाचे नसून थेंबाथेंबाने राखावयाचे आहे, ही दृष्टी मात्र अर्वाचीन होय.

कृती साधी असली तरी घाईची नव्हे. हात साबणाने धुऊन, ऊन कापडाने स्तन शेकून व हलके चोळून, अंगठा वरच्या बाजूस व पहिली दोन बोटे खालच्या बाजूस, स्तनाग्रामागे सुमारे 3 सेंटिमीटरवर ठेवावीत. प्रथम छातीकडे रेटून मग दोन्हीकडून दाबावे व सोडावे, त्वचेवरून बोटे घसरू देऊ नयेत, आणि स्तनाग्र तर मुळीच ओढू नये. आरंभी काहीच येत नाही. पान्हा सुटला म्हणजे धार लागते. तीन ते पाच मिनिटांनी बाजू बदलीत वीस-तीस मिनिटे, आणि रात्र धरून दर तीन तासांनी, हा क्रम चालवावा लागतो, कारण स्तन जितके रिते होतात तितके दूध नव्याने उत्पन्न होते.

चौतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या अर्भकास चोखणे, गिळणे व श्वास घेणे यांचा मेळ बहुधा साधत नाही. म्हणून नांदेडच्या विष्णुपुरी येथील शासकीय रुग्णालयासारख्या ठिकाणी दाखल होणाऱ्या अशा बालकांच्या मातांस ही विद्या अवगत असणे अगत्याचे ठरते. दूध वाटी-चमच्याने वा नळीने देतात. यंत्राने दूध काढण्याचीही सोय आहे, परंतु त्याचे नानाविध भाग प्रत्येक वेळी धुऊन उकळावे लागतात; 2016 साली ज्या लातुरास मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले, तेथे एका उकळलेल्या वाटीवर भागणारी ही रीतच सोयीची म्हणावी. सुमारे 25 अंश उष्णतेत दूध चार तास टिकते, पण वैशाखात पारा चाळिशीपार गेल्यावर तितका भरवसा धरू नये. ते शीतकपाटात ठेवावे किंवा तत्काळ पाजावे.

उरलेल्या दुधाचा विनियोग इतर अर्भकांसाठी करणारी आशियातील पहिली दुग्धपेढी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली मुंबईच्या शीव रुग्णालयात उभारली.