तळटीप : सुया आणि आईचा तोल

‘सुया’ म्हणजे स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने. १९४३ साली अमेरिकेत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांनी वेगळे केलेले हे औषध क्षयावरचे पहिले गुणकारी प्रतिजैविक. त्याने असंख्य जीव वाचवले, हे आधी नोंदवायलाच हवे. पण ते अंतर्कर्णातील तोल सांभाळणाऱ्या पेशींना इजा करते. उजेडात डोळे ती उणीव भरून काढतात. दिवा मालवला की माणूस झोकांड्या खातो. लेखकाची आई रात्री भिंत धरून चाले, ते बहुधा यामुळेच, अशक्तपणामुळे नव्हे. याच कुळातील कॅनामायसिन, अमिकासिन ही औषधे ऐकण्यावर घाला घालतात. आधी उंच पट्टीचे आवाज जातात. बोलणे ऐकू येत राहते, म्हणून घरात कुणाला सुगावा लागत नाही. तोलाच्या असोत वा ऐकण्याच्या, अंतर्कर्णातील या पेशींना केसपेशी म्हणतात; एकदा नष्ट झाल्या की त्या माणसात पुन्हा उगवत नाहीत. म्हणून उपचारापूर्वी आणि उपचार चालू असताना श्रवणचाचणी व्हावी, मूत्रपिंड तपासून मात्रा ठरावी. आईकडच्या नात्यात अशा इंजेक्शनांनी कुणी बहिरे झाले असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. हा धोका मातृवंशातून येऊ शकतो. कानात गुंजारव वा भोवळ जाणवल्यास इंजेक्शन परस्पर बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.